शुक्रवार, साडेदहा ते बारा

अक्कांची आणि माझी पहिली भेट फाटकाच्या दोन बाजूंना उभं राहून झाली आणि चांगली पाऊण तास चालली. बनशंकरीतल्या त्या गल्लीत 'टू लेट'ची पाटी बघून मी बेल वाजवली होती. आतून एक बुटकी, ठसठशीत बाई आली. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि हातातली किल्ली पुन्हा पदराच्या टोकाला बांधून टाकली.

"राहुकाळ आहे," म्हणाल्या. "साडेचारपर्यंत थांब. घर बघायचं चांगलं काम, ते वाईट वेळेला कशाला करतेस?"

मी निपाणीची. ऐकून घ्यायची सवय नाही. म्हटलं, "मी काय मुलगी बघायला आलेय काय?" त्यावर त्या हसल्या नाहीत. आत जाऊन ताकाचा पेला आणला आणि गजांमधून माझ्या हातात दिला. मग प्लास्टिकचं एक स्टूल फाटकावरून अलगद खाली सोडलं. बसले की मी मुकाट्यानं. साडेचारला त्यांच्या मोबाइलचा गजर वाजला तसं कुलूप निघालं. घर बघायला एक मिनिट लागलं, कारण घर म्हणजे गच्चीवरची एक खोली होती. त्या खोलीत मी सहा वर्षं काढली. माझं ऑफिस मारतहळ्ळीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रोजचे तीन तास बसमध्ये जायचे आणि ऑफिसातले सगळे मला वेड्यात काढायचे. काढू देत.

अक्का जाऊन आता दोन वर्षं होत आली. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की मी राहुकाळापासूनच सुरुवात करते, कारण त्या स्वतः तिथूनच सुरुवात करायच्या. फ्रिजच्या दारावर सातही वारांचे राहुकाळ मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलेले होते. त्या वेळात आलेलं कुरिअर पायरीवरच राहायचं. त्या वेळात लागलेला फोन उचलला जायचा, पण "हॅलो" म्हणायचं नाही, नुसतं "हं" म्हणायचं. हॅलो म्हटलं की बोलणं सुरू झालं, असं त्यांचं म्हणणं. एकदा गॅस सिलिंडरवाला राहुकाळात आला आणि फाटकाबाहेर उभा राहून कन्नडमध्ये त्यांचा उद्धार करत बसला. अक्कांनी त्यालाही ताक दिलं.

नोकरीत असताना त्या टेलिफोन खात्यात होत्या, परगावी लावायच्या ट्रंक कॉलच्या टेबलावर. तरुणपण सगळं कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडण्यात आणि तोडण्यात गेलं. त्या काळी बोलणं तीन मिनिटांच्या हिशोबानं चालायचं, आणि ती तीन मिनिटं अक्कांच्या अंगात अशी भिनली होती की कुणाशीही, कशाबद्दलही बोलत असल्या तरी तीन मिनिटं झाली की त्या उठायच्या. "वेळ झाली," म्हणायच्या. बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं राहिलं तर राहिलं. शेजारच्या बाईनं एकदा मुलीच्या काडीमोडाची गोष्ट सांगायला घेतली आणि ती पुरी व्हायला चार दिवस लागले. पण गंमत बघा, ती बाई चारही दिवस आली. तीन मिनिटं का होईना, अक्का जीव लावून ऐकायच्या. मधे बोलायच्या नाहीत, सल्ला द्यायच्या नाहीत.

त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांमागं इकडं आलेलं. घरात मराठी, पण माझी मराठी ऐकून त्या म्हणायच्या, "तुमची तिकडची भाषा फार जोरात असते गं. स्वल्प हळू." त्यांच्या बोलण्यात स्वल्प, सरी, बेडा हे असं जागोजाग असायचं आणि त्यांना ते कन्नड आहे हे पटायचं नाही. "बेडा म्हणजे नको, सरी म्हणजे बरं. मराठीच की ते, माझी आई म्हणायची."

घरात दोघंच. अक्का आणि त्यांचे थोरले भाऊ, अण्णा. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. का, ते मी सहा वर्षांत विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. अण्णा शाळेत चित्रकला शिकवायचे. मी राहायला आले तेव्हा त्यांचं विसरणं सुरू झालं होतं, आणि तीन-चार वर्षांत ते सगळंच विसरून बसले. शेवटी एकच गोष्ट उरली. अक्कांच्या हातचा घास. दहीभात कालवून अक्का समोर बसल्या की तोंड उघडायचं. दुसऱ्या कुणाचा हात असला की ओठ घट्ट मिटलेले. मी प्रयत्न केला, शेजारच्या बाईनं केला. पगार देऊन ठेवलेली नर्स आठवड्यात रडकुंडीला येऊन निघून गेली. एकदा अक्का कसल्याशा तपासणीला दिवसभर दवाखान्यात अडकल्या, तर अण्णा सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपाशी खिडकीकडे बघत बसले. मी पुढ्यात ताट घेऊन बसले होते. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की मीही जेवले नाही.

ती तपासणी कसली होती ते अक्कांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. त्या वर आल्या, माझ्या बादलीतला चिमटा उचलून हातात धरला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळ्या झाल्या. बारा वर्षांमागं छातीचा कॅन्सर झाला होता, एक बाजू काढली होती. हे मला माहीतच नव्हतं. आता तो लिव्हरमध्ये आलाय. गोळ्या झाल्या, मी ऑफिसात असताना सलाइनची औषधंही झाली, त्यानं हृदय थकलं, म्हणून ती बंद. बाकी अंगात कुठं नाही, फक्त लिव्हरमध्ये चार ठिकाणी आहे. एक नवीन डॉक्टर आहेत, ते म्हणतात की किरणांनी करता येईल.

"बरा होईल?" मी विचारलं.

"नाही म्हणतात. आवरता येईल म्हणतात. मला बरं व्हायचं नाही गं. मला अण्णाच्या मागून जायचंय. एक दिवस मागून गेले तरी चालेल, पण आधी नको." मग घड्याळ बघितलं. "वेळ झाली." आणि चिमटा बादलीत टाकून खाली गेल्या. मी ओला टॉवेल हातात धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

डॉक्टर तरुण होते, सडपातळ, आवाज बारीक. कन्नड आणि इंग्रजी मिसळून बोलायचे आणि पहिल्याच भेटीत त्यांना कळलं की या बाईपुढं आपल्याला तीन मिनिटं आहेत. त्यांनी ती सत्कारणी लावली. मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून एक बारीक नळी घालायची आणि लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेपर्यंत पोचवायची. तिथून काचेचे मणी सोडायचे, डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. ते गाठींच्या आसपास जाऊन अडकतात आणि त्यांच्यातले किरण तिथल्या तिथे काम करतात. बाकीच्या अंगाला फार झळ नाही.

"म्हणजे बाहेरून शेकायचं नाही," अक्का म्हणाल्या, "आतच निखारे ठेवायचे. सरी." आणि उठल्या.

आधी एक रंगीत तालीम झाली. तसेच, पण अगदी कमी ताकदीचे कण सोडून ते फुप्फुसात तर निसटत नाहीत ना हे बघायचं असतं. फार निसटले तर हा उपचारच करता येत नाही. अक्कांचे निसटले नाहीत. डॉक्टरांनी बाहेरच्या देशात मण्यांची मागणी नोंदवली. ते मणी रुग्णाच्या मापानं बनून येतात, विमानानं येतात, आणि बनल्या क्षणापासून त्यांचा जोर तासातासाला उतरत जातो. त्यामुळे कुठल्या दिवशी, किती वाजता ते अंगात जाणार यावर सगळं गणित बसवलेलं असतं. हे मला कळलं, कारण सोमवारी हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी खाली चहा पीत होते. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, असं त्यांनी सांगितलं.

अक्कांनी फ्रिजकडे बघितलं. मीही बघितलं. शुक्रवार, साडेदहा ते बारा.

"साडेबाराला चालेल म्हणून सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. पलीकडून डॉक्टर स्वतः फोनवर आले. त्यांनी मला शांतपणे समजावलं की खोली त्या वेळेलाच मिळालीय, माणसं त्या वेळेची ठरलीत, मण्यांचा हिशोब त्या वेळेचा आहे. मग पुढच्या आठवड्यात, अक्का म्हणाल्या. नवीन मणी मागवता येतील, पण तोवर लिव्हर दम धरेल का हे सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. रक्ताच्या तपासणीत काविळीचा आकडा वर सरकायला लागलाय. तो आणखी वर गेला की हा दरवाजा बंद.

मी फोन ठेवला आणि मग मात्र माझं डोकं फिरलं. जे बोलायला नको ते सगळं बोलले. म्हटलं, "तुम्ही त्या राहूला सांभाळत बसा, अण्णांना कोण भरवणार ते राहूलाच विचारा." अण्णा खुर्चीत बसून माझ्याकडे प्रेमानं बघत होते. त्यांना वाटलं असावं मी गाणं म्हणतेय. मी तडतडत वर गेले. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ऑफिसातही माझं लक्ष नव्हतं. मला वाटत होतं की ही बाई हट्टापायी मरणार आणि मागे ते म्हातारं तोंड मिटून बसणार.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. ओट्यावर एक सुती लुगडं, नारळ, सुपारी आणि हळदकुंकवाच्या पुड्या मांडून ठेवल्या होत्या.

"प्रस्थान ठेवूया," म्हणाल्या.

माझ्या आजोळी ही पद्धत होती, मी विसरून गेले होते. वाईट वेळेला निघणं भाग असलं की आपलं एखादं वस्त्र चांगल्या वेळेला आधीच घराबाहेर नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघालंच म्हणायचं, मग ते खरोखर केव्हाही निघो. आजोबा शेजाऱ्यांच्या ओसरीवर धोतराचं गाठोडं ठेवायचे. पण अक्कांना शेजाऱ्यांची ओसरी पुरेना. त्यांचं म्हणणं, अडचण घरातून निघायची नाही, अडचण हॉस्पिटलातल्या त्या टेबलावर काम सुरू व्हायची आहे. तेव्हा प्रस्थान तिथंच, त्या टेबलाजवळ ठेवलं पाहिजे. "ट्रंक कॉल सकाळी बुक केला आणि दुपारी लागला, तर बुक केल्याची वेळ कुठली धरायची? सकाळचीच. तू शुक्रवारी नऊला जाऊन माझा कॉल बुक कर."

हसू की रडू, मला कळेना. पण त्या येणार होत्या. मला तेवढं पुरे होतं.

शुक्रवारी मी ते गाठोडं घेऊन नऊ वाजता हॉस्पिटलात हजर. ज्या खोलीत काम होणार तिच्या दारावर एक मल्याळी सिस्टर होती, दंडानं भक्कम. नारळासकट गाठोडं आत न्यायचंय असं मी सांगितलं तेव्हा तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आत एक सुतळीसुद्धा जाणार नाही, म्हणाली. मी तिला हिंदीत, कन्नडमध्ये, हातवाऱ्यांनी सगळी कहाणी सांगितली. अण्णांचं मिटलेलं तोंडही करून दाखवलं. तिनं सुस्कारा सोडला. काचेच्या अलीकडे जिथं संगणक लावून माणसं बसतात, तिथल्या एका रिकाम्या खुर्चीवर तिनं स्वतःच्या हातानं गाठोडं ठेवलं. ठेवताना नारळाची शेंडी काचेकडे वळवली. तिच्याही घरी काहीतरी असणारच.

अक्का दहाला आल्या, शेजारच्या बाईबरोबर. अण्णांना पोटभर भरवून आल्या होत्या. आडवं करायच्या आधी सिस्टरनं संमतीचा कागद मागितला. घरी वाचून सही करायला दिलेला, सगळ्या फाइलसकट. अक्का म्हणाल्या, "ते तर आधीच पोचलं की."

"कुठं?"

"गाठोड्यात. जे जे माझ्याबरोबर निघायचं ते सगळं बांधलं."

सिस्टर गाठोड्याकडे निघाली तसा अक्कांनी तिचा हात धरला. प्रस्थान एकदा ठेवलं की माणूस त्याच्यापाशी पोचेपर्यंत सोडायचं नाही. सोडलं तर मोडलं. सव्वादहा वाजले होते. आत मणी तयार होते, डॉक्टर कपडे चढवत होते आणि बाहेर आम्ही तिघी एका गाठीवरून भांडत होतो. मी हात जोडले. अक्का ढिम्म. शेवटी डॉक्टर अर्धवट बांधलेल्या टोपीनिशी बाहेर आले, काय ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फाइलमधलं सगळं माझ्या संगणकात आहे. संमतीचा कागद दुसरा काढा." कागद आला. अक्कांनी तो वाचायला घेतला, पहिल्या ओळीपासून. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना, राहुकाळ लागायच्या आत, त्यांनी सही केली, शेजारी वेळ घातली आणि त्या कागदाकडे असं समाधानानं बघितलं की मला त्यांची ही लबाडी आधीपासूनची असावी असा संशय आला. तो अजून गेलेला नाही.

काम दीड तास चाललं. त्या जाग्याच होत्या, फक्त तेवढी जागा बधिर केली होती आणि थोडी गुंगी दिली होती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की त्या गुंगीत त्या गावोगावचे टेलिफोन कोड म्हणत होत्या, आणि दर थोड्या वेळानं "वेळ झाली" म्हणून उठायला बघत होत्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी नियम सांगितले. थोडे दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं, वेगळं झोपायचं. अण्णांना भरवायला हरकत नाही, फक्त तासन्‌तास खेटून बसू नका. पण नियम मिळाला की अक्का तो वाढवून पाळायच्या. त्यांनी आमटीच्या लांब पळीला लाकडी फूटपट्टी बांधली आणि खोलीच्या मधोमध बसून हातभर लांबून अण्णांना दहीभात भरवला. अण्णांनी पळी बघितली, पळीच्या पलीकडचा हात बघितला, आणि तोंड उघडलं. मी दाराशी उभी राहून हसत होते आणि डोळे पुसत होते. "जन्मभर मी सोवळ्यात असले की लोकांना शिवू नका म्हणत होते," अक्का म्हणाल्या, "आता डॉक्टरानंच मला सोवळ्यात बसवलं."

पुढचे पंधरा दिवस त्या फार थकल्या. जेवण जाईना, पायऱ्या चढवेनात. पण काविळीचा आकडा खाली आला. तीन महिन्यांनी स्कॅन झाला तेव्हा चारांतल्या दोन गाठी विझल्या होत्या आणि दोन आक्रसल्या होत्या. डॉक्टरांनी चित्रं दाखवली. अक्का म्हणाल्या, "सरी," आणि अण्णांच्या जेवणाची वेळ होतेय म्हणून निघाल्या.

त्यानंतर चौदा महिन्यांनी अण्णा गेले. सकाळी दहीभात खाल्ला, शेवटचा घास गिळला, खुर्चीतच मान कलली. अक्का तशाच समोर बसून होत्या, हात भाताचा. मी नळावर नेऊन त्यांचा हात धुतला. त्या रडल्या नाहीत. तेराव्यापर्यंत सगळं त्यांनी नेटकं पार पाडलं, आणि चौदाव्या दिवशी हॉस्पिटलची तारीख होती म्हणून आम्ही गेलो.

स्कॅनमध्ये लिव्हरच्या दुसऱ्या बाजूला नवीन गाठी दिसत होत्या. डॉक्टर म्हणाले, अजून एकदा मणी सोडता येतील. पण लिव्हर पहिल्यासारखं राहिलं नाही, त्रास जास्त होईल, किती दिवस मिळतील ते सांगता येत नाही. नाही केलं तरी चालेल, मग दुखू नये एवढं आपण बघू. तुम्हाला काय हवं ते तुम्ही सांगा.

मला वाटलं, आता त्या "बेडा" म्हणतील. त्यांचं मागणं पुरं झालं होतं. अण्णांच्या मागून जायचं होतं, तसंच झालं होतं. घरी नेताना त्यांच्याशी काय बोलायचं याची मी मनात जुळवाजुळवही केली होती.

अक्कांनी माझा हात धरला आणि मला बाहेरच्या बाकावर घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "इतके दिवस मी अण्णाच्या नावानं मागत होते. देवाकडे मागितलं, या डॉक्टर पोराकडे मागितलं. कधी लाज वाटली नाही." पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "नुसतं माझ्यासाठी म्हणून मागितलेलं चालतं काय गं?"

मी जोरजोरात मान हलवली आणि मग तिथंच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले. अक्कांनी मला रडू दिलं. मग पदर खांद्यावर नीट घेतला, उठल्या आणि दार ढकलून आत गेल्या.

"नंगे बेकु, डॉक्टर," म्हणाल्या. मला पाहिजे.

डॉक्टरांनी त्यांना बसायला खुर्ची ओढून दिली आणि तारखा बघायला लागले.